त्रुटी

शिष्यवृत्ती विभाग, दुसरा मजला, जिन्याला लागून.
माझ्या टेबलावर पत्र्याच्या दोन पेट्या :
एकीवर 'राज्यातील', दुसरीवर 'परराज्य'.
तिसरी नाही. बावीस वर्षांत कधी लागलीही नव्हती.

जुलैत अनिमा तिर्की आली.
मूळ गाव गुमला जिल्ह्यात, हल्ली मुक्काम सातपूर,
बारावीला शहाण्णव पूर्णांक दोन.
सोबत वडील. अंबडला प्रेस मशीनवर असतात,
उजव्या हाताला बोटं साडेतीन.
(हे फॉर्मात नसतं. पोचपावती घेताना दिसलं.)

परराज्यातल्या गुणवंतांना विद्यापीठ चार शिष्यवृत्त्या देतं,
फी माफ, वसतिगृह माफ, मेसचं निम्मं.
अट सहा : दहावी-बारावी राज्याबाहेरची हवी.
हिची दोन्ही इथली, सातपूरच्याच शाळेतली.
बरं, राज्यातली धरावी, तर अधिवास लागतो पंधरा वर्षांचा.
हिला कमी पडत होते एक्कावन्न दिवस.
ते तिनंच मोजून आणले होते
वहीच्या शेवटच्या पानावर, पाच-पाचच्या जुड्या बांधून.

"म्हणजे मॅडम, बाहेरची म्हणायला मी आतली,
आणि आतली म्हणायला बाहेरची?"
बोलता बोलता एक 'भो' निसटला तोंडून,
तो तिनं जीभ चावून परत घेतला.

खिडकीतून गोदावरी दिसत नाही, नुसता पुलाचा कठडा दिसतो.
ती इथून उगवून परराज्यात जाते, तिला कोण दाखला मागतं,
असं काहीतरी तेव्हा मनात आलं.
पण टिपणीत नदी लिहिता येत नाही.

मी स्वतः निपाणीची.
मे महिन्यात देवळाली गावात लग्न लागलं
आणि जूनमध्ये रेशन कार्डावर नाव चढलं.
माझी पंधरा वर्षं कुणी मोजली नाहीत.
नवऱ्याच्या सहीखाली, एका दुपारीत, मी राज्यातील झाले.
अजून घाईत असले की तोंडातून 'मी येतो', 'मी जातो' निघतं,
आणि सासूबाई अजून हसतात.

साहेब म्हणाले, बसत नाही ना, मग मारा नामंजूर.
शिक्का उजव्या हाताला. गादी नुकतीच ओली केलेली.
उगाच म्हणून वडिलांचं नाव पुन्हा वाचलं.
शाळेच्या दाखल्यावर जोहन.
आधारवर जॉन.
पगाराच्या चिठ्ठीवर नुसतं जे.

शिक्का खाली ठेवला. पेन घेतलं.
'पालकाच्या नावात तफावत. प्रतिज्ञापत्र जोडावे.
पत्र मिळाल्यापासून मुदत पंचेचाळीस दिवस.
तोवर प्रकरण प्रलंबित.'
साहेब त्रुटीवर न वाचता सही करतात.
पत्र हातात दिलं नाही, टपालाने पाठवलं, साध्या,
आमच्याकडे साध्या टपालाला आठ दिवस कुठे गेले नाहीत.

मी कागद अडवते, ही माझी जुनी बदनामी.
कँटीनवाला राजोळे तर सगळ्यांना सांगतो,
बाईंच्या टेबलावर गेलेल्या कागदाला दाढी येते.
येऊ दे.

पण पोस्टमन नेमका यंदाच कामसू निघाला.
तिसऱ्या दिवशी पत्र घेऊन अनिमा हजर,
डोळे लाल, दम लागलेला.
"एवढ्याशा नावासाठी दीड महिना?
पप्पांनी वकील बघितलाय. मी उद्याच आणून देते."

उद्या नको, मी म्हणाले.
परवा पण नको.
वहीचं शेवटचं पान काढ.

ती तिथेच उभी राहून मोजायला लागली,
आधी पानावर, मग विश्वास न बसून बोटांवर.
दहाही बोटं शाबूत आहेत तिची.
मागे रांगेतला एकजण खाकरला. मी त्याला बसा म्हणाले.

"अठ्ठेचाळीस होतात," ती हळूच म्हणाली.
"तीन कमीच पडतात."

मी ड्रॉवर उघडला. रजेचं कार्ड काढलं.
किरकोळ शिल्लक, चार.

"शेवटचे तीन दिवस," मी म्हणाले,
"मी रजेवर जातो."