फक्त हललेलं

सोहारच्या बंदरावर दोनशे बारा कॅमेरे
आणि तीस दिवस सगळं जपायचं, असा करार.
एकतिसाव्या दिवशी पहिला पुसला जातो.
डिस्क वाढवून मागितल्या की बलुशी साहेब म्हणतो,
तू आहेस ना, दाब अजून थोडं.

दाबणं सोपं आहे.
एक चित्र पूर्ण घ्यायचं,
पुढच्या चित्रांत काय हललं तेवढंच लिहायचं.
रिकामं यार्ड, रात्रीचे तीन,
काही खात नाही.
उभी क्रेनही फुकट.
धूळ उठली की मात्र कण न् कण वेगळा हलतो
आणि डिस्कला भस्म्या रोग होतो.
सगळ्यात महाग कॅमेरा सत्तावन्न नंबर:
त्याच्या समोर नुसता समुद्र आहे.
समुद्र दाबता येत नाही.
अब्बांना सांगितलं असतं तर म्हणाले असते,
चाळीस वर्षं तांडेलकी केली,
आता सांगतोस?

त्यांच्या वेळी हे काम तारेत व्हायचं.
शब्दामागे पैसे. दुबईहून आलेल्या तारेत
एकच शब्द होता, पोचलो.
वादळ, मोडलेलं सुकाणू, पाण्यात गेलेला दाऊद सारंग,
हे सगळं अम्मीने त्या एका शब्दातून
दोन वर्षांनी बाहेर काढलं,
थोडं थोडं, जेवायला वाढताना.

शुक्रवारी नफिसा बाणकोटहून व्हिडिओ लावते.
टॉवर एकच, तोही खाडीपलीकडे.
ओट्यावर खुर्ची, खुर्चीत अब्बा,
मागे निळी भिंत.
झटका आल्यापासून ते फारसे हलत नाहीत,
म्हणजे फोनच्या हिशेबी
भिंतीत जमा.
एकदा पाठवले, झालं.
बाकी सगळा डेटा पडद्याला, कोंबडीला,
नफिसाच्या बांगड्यांना.

मागे एकदा मधलंच पूर्ण चित्र वाटेत हरवलं
आणि कोंबडी ओट्यावरून चालत गेली
अब्बांची भुवई पायाला चिकटवून.
मी हसलो,
आणि फोन उपडा ठेवला.

अम्मी विचारते, कधी येतोस?
रजा दोन वर्षांनी, पस्तीस दिवस.
बंदरावर मी पूर्ण चित्र दर दोन सेकंदांनी घेतो.
त्याहून लांबवलं तर चुका साठत जातात,
असं मीच लिहून दिलंय साहेबाला, सहीनिशी.

काल म्हटलं, नफिसा, त्यांना सांग ना,
जरा हात हलवा.
तिला वाटलं, मला टाटा हवाय.
कानाशी वाकून सांगितलं तिने.
बराच वेळ नुसती भिंत.
मग डावा हात उठला.
टाटा नव्हता तो.
नाळीवरच्या पोराला नांगर टाक म्हणताना
करायचे ती खूण.
एवढं हलणं फोनला झेपलं नाही.
खुर्ची चौकोन चौकोन झाली,
कोंबडीला, बांगड्यांना, भिंतीला
काही म्हणजे काही उरलं नाही.
मग कॉल तुटला.

समोर सत्तावन्न नंबर चालू होता.