किल्ली

सतरा प्रश्न मी लिहिले होते,
समितीने मंजूर केलेले, सोप्या भाषेतले,
प्रत्येकाशेजारी तीन चेहरे : हसरा, सरळ, रडका.
ब्रोनाने ते वाचले, बोट ठेवून, ओळ न ओळ,
गॉलवेतल्या त्या खोलीत जिची खिडकी नीट लागत नाही.
"हे चेहरे कोणासाठी?"
म्हटलं, उत्तर देणाऱ्यांना सोपं जावं म्हणून.
"मी एकेचाळीस वर्षांची आहे," ती म्हणाली,
आणि पेन्सिलीने सगळ्यांना मिशा काढल्या.
रडक्यांनासुद्धा.

तिला पगार द्यायला विद्यापीठाकडे रकाना नव्हता.
'स्वयंसेवक' होता. 'सहभागी'ही होता.
तीन महिने तिला कॉफीची कुपनं मिळाली;
ती कॉफी पीत नाही.
मग हिशेब खात्यात ती एकटीच जाऊन आली,
काय बोलली ते मला आजही ठाऊक नाही.
शुक्रवारी पगाराची चिठ्ठी आली.
आईला तिने फोनवर आकडा वाचून दाखवला, दोनदा,
मिळालेल्या पैशांचा नव्हे,
कापलेल्या कराचा.

खाडीकाठच्या शेडमध्ये बांगडे धुरावर टांगलेले,
खाली फर्गल, रबरी एप्रनमध्ये.
त्याआधी एकोणीस वर्षं तो एका 'केंद्रात' होता :
पिशवीत बारा स्क्रू, पुन्हा बारा,
आणि शनिवारी सिगारेटपुरती नाणी.
मी विचारलं, कामावर समाधानी आहात?
त्याने मुकादमाकडे पाहिलं. "हो."
सहकारी चांगले वागतात? "हो."
बदल हवासा वाटतो? "हो."
हो, हो, हो. तो माझी पिशवी भरत होता,
मोजून.

ब्रोनाने कागद उलटा केला.
"तुझ्याकडे किल्ली आहे का? कसलीही."

टेपवर इथे चार मिनिटं काहीच नाही,
फक्त पंखा, आणि एक समुद्रपक्षी.
मी एकटा असतो तर पुढचा प्रश्न विचारला असता.
ती बसून राहिली. बिस्कीट खाल्लं.

मग फर्गलने हात पुसले, गळ्यातली दोरी ओढली.
"या दाराची. पहाटे मीच उघडतो.
सगळे यायच्या आधी."
आणि ती परत आत सारताना, हळू :
"घराची नाही. तिथे मी बेल वाजवतो.
पाऊस असला तरी."

हे कुठल्या चेहऱ्याखाली लिहायचं?

परतताना गाडीत तिने माझा जुडगा मागितला.
सात किल्ल्या. प्रत्येकीचं दार विचारलं.
दोघींचं मला सांगता येईना.
"मग शोध की," ती म्हणाली. "संशोधक ना तू?"

उद्या टूमला जायचंय, एका लाँड्रीत.
बस आठ दहाची. तिकिटं तिच्याकडे आहेत.
सतरापैकी सोळा प्रश्न तिने खोडलेत;
उरलेला एक कशासाठी ठेवलाय
ते सांगायला ती अजून तयार नाही.