एवढ्या सुतात

पत्र रविवारी लिहायचं, इंग्रजीतच लिहायचं,
वॉर्डनच्या टेबलावर उघडं ठेवायचं,
असा तिथला नेम.
म्हणून मंसारामचं पत्र बुधवारी-गुरुवारी
तांडापेठेत आमच्या दारात पडायचं
तेव्हा ते कुणीतरी आधीच वाचलेलं असायचं.

माय मागावर.
पाय पावड्यांवर, धोटा इकडून तिकडे.
बाबा गिरणीत, दुसऱ्या पाळीला.
घरात इंग्रजी येणारी मी एकटी,
म्हणजे दीड पुस्तक.

'काय लिवलं वं त्यानं?'
हात न थांबवता.

लिहिलेलं असायचं, आय ॲम क्वाईट वेल.
द फूड इज गुड. वुई प्लेड हॉकी अँड लॉस्ट.
खाली, युअर्स ओबीडियंटली, एम. डी. ढकाटे.
ओबीडियंटली काही मला येईना,
मी ठोकून दिलं: तुझा लाडका मंशा.

मग सवयच लागली.
क्वाईट वेल म्हणजे, माय, इथं थंडी फार,
वाकळेला अजून घरचा वास येतो.
हॉकी म्हणजे, पडलो, गुडघा फुटला,
कुणासमोर रडलो नाही.
फूड इज गुड तर मी तीन-तीन मिनिटं वाचायची:
भाजी अळणी, पोळ्या मोजून,
आणि काल स्वप्नात सावजी रस्सा, तर्रीसकट.
धोटा हळू व्हायचा.

उत्तरही माझ्याच हातचं.
'त्याले सांग, नळ पहाटं तीनले येते.
सांग, पिवळी मारबत यंदा लई मोठी होती,
सारे म्हणत होते, रोगराई घेऊन जा गे मारबत,
मी मनात म्हणलं, त्याचा खोकलाबी नेजो माय.'
मी लिहायची, ऑल आर वेल हियर.
वुई सॉ ए बिग डॉल.
मसाल्याच्या पुडीला शब्द सापडेना,
सम रेड पावडर, असं लिहिलं.
ती वॉर्डनने ठेवून घेतली
हे आम्हाला कळायला चाळीस वर्षं गेली.

दिवाळीच्या आधी एकच ओळ आली.
आय शॅल नॉट कम,
आय ॲम इन्व्हायटेड टु पिंटोज हाऊस.

मी कागद दोन्ही बाजूंनी पाहिला.
मग लागले वाचायला:
ताप होता, आता उतरला,
पण फादर म्हणतात एवढा प्रवास नको,
माय, तू दारात उभी राहू नको संध्याकाळची,
माझ्या वाटच्या करंज्या सुभद्रीला दे,
तिला खोबऱ्याच्या आवडतात...
वाचता वाचता माझाच आवाज फाटला.

धोटा थांबला.
मायने पदराला हात पुसले, कागद घेतला,
सुलटा धरला की उलटा, तिलाच ठाऊक,
आणि त्या एका ओळीवरून बोट फिरवलं
जसं काठावरून फिरवायची
तुटका धागा शोधताना.

'एवढ्या सुतात', ती म्हणाली,
'एवढं कापड नाही निघत, पोरी.'

आता पाठीत धपाटा, मला वाटलं.
बाहेर कुणीतरी रंगवलेलं सूत वाळत घालत होतं,
थेंब टपटपत होते.
माय पुन्हा मागावर बसली.
कागद माझ्याकडे सरकवला.

'वाच नं वं. अजून काय म्हणते माझा पोट्टा?'

माय गेली. माग तर तिच्याही आधी गेला.
मंसाराम आता पुण्यात असतो,
फोन करतो रविवारी, तो नेम सुटला नाही.
मराठी बोलताना मध्ये मध्ये थांबतो,
जिना उतरताना पायरी चाचपावी तसा.
काल म्हणाला, ट्रंक आवरत होतो,
घरची सगळी पत्रं निघाली.
मग थोडा वेळ गप्प.
'खरं सांगू, सुभद्रे?
आईची पत्रं फार कोरडी असायची गं.
इतर मुलांना काय काय यायचं.'

मी म्हटलं, थांब हं जरा,
गॅसवर दूध ठेवलंय.