प्रमाणित प्रत

आधी मी चुकीच्या दारात गेले.
स्प्रिंगफील्डला, राज्याच्या खात्याला पत्र, सोबत चेक.
तीन आठवड्यांनी उत्तर आलं:
असं काही घडलं, एवढीच आमच्याकडे नोंद.
काय ठरलं, कोणत्या शब्दांत, ते हवं असेल
तर जिथे घडलं त्या काउंटीत विचारा.

म्हणून ब्लूमिंग्टन. सव्वीस वर्षांनी त्याच पायऱ्या.
दारावरच्या पोलिसाने पर्समधली डबी उघडली,
हुंगली, पुन्हा हुंगली.
बडीशेप, म्हटलं. जेवणानंतरची.
त्याने ती बंदुकीसारखी जपून परत दिली.

काउंटरमागे डोना. चष्म्याला मण्यांची साखळी.
केस नंबर? नाही.
साल? पंचाण्णव. बहुतेक.
आडनाव?
मी एकेक अक्षर सांगितलं,
अंधारात जिना उतरावा तसं.
“यातला के सायलेंट आहे का?”
नाही बाई. त्या आडनावात
गप्प असायची ती मी.

के-खाली नाही. एस-खाली नाही.
शेवटी सापडलो आम्ही दोघं ‘सागर’मध्ये.
कुणा टायपिस्टने मधोमध जागा सोडून
क्षीर हे नाव केलं होतं, सागर हे आडनाव.
सांगलीच्या शाळेत कदमबाई शिकवायच्या,
हंस दूध तेवढं घेतो, पाणी ठेवतो.
इथे न्यायाधीशाच्याही आधी
एका टाइपरायटरने निवाडा केला होता.

डोना मायक्रोफिल्मचं चाक फिरवते.
करड्या उजेडात परक्यांची भांडणं सरकतात:
कुणाची बोट, कुणाचा म्हातारा कुत्रा,
कुणाची मुलं एक आड एक गुरुवार.

मग आम्ही.
घटस्फोट म्हटलं की काहीतरी फुटायला हवं,
काडीमोड म्हटलं की निदान कट् वाजायला हवं.
या कागदावर शब्द आहे डिसोल्यूशन.
विरघळणं.
चमचा कुणी ढवळला, ते लिहिलेलं नाही.

मला खरं तर एकच तारीख हवी होती.
पेन्शन ऑफिसातला कोवळा मुलगा म्हणाला होता,
त्यांच्या खात्यावर तुमचा हक्क लागतो, मॅडम,
लग्न दहा वर्षं टिकलं असेल तर.
एक दिवस कमी चालत नाही.

सातव्या पानावर:
सुनावणी ३१ जानेवारी. तहकूब.
नवी तारीख २१ फेब्रुवारी.
विनंती: प्रतिवादी.

म्हणजे तो.
त्या दिवशी बाहेरच्या बर्फात
मंदाकिनीच्या कोटात तोंड खुपसून रडले होते मी,
हा माणूस मला धड सुटूही देत नाही म्हणून.

लग्न नऊ फेब्रुवारीचं, पंच्याऐंशीचं.
पेरांवर मोजते,
आई दूधवाल्याचे खाडे मोजायची तशी.
दहा वर्षं, बारा दिवस.
जानेवारीत सुटले असते तर
नऊ वर्षं, अकरा महिने आणि वर काही,
जे कुठल्याच खिडकीवर वटलं नसतं.

विमा कंपनीत होता तो.
कोण किती जगेल याचे तक्ते मांडायचा.
तारखा त्याला चुकत नसत,
माझा वाढदिवस सोडला तर.
ठाऊक होतं त्याला?
की वकिलाला सर्दी झाली होती?
मी डोनाला पान मोठं करायला सांगते.
कारणाचा रकाना मोठा होतो.
मोठा, आणि रिकामा.

“प्रमाणित प्रत हवी ना? किती?”
दोन.
एक त्या मुलाला. दुसरीचं तिने विचारलं नाही.
लोखंडी शिक्का दाबून कागद पुढे सरकवला:
“बोट फिरवून बघ, उठलाय का.”
उठला होता.
“नावाची नोंदही दुरुस्त करता येते.
वेगळा फॉर्म, वेगळी फी.”
राहू दे, म्हटलं.

बाहेर पडताना पोलिसाने
नजर दुसरीकडे ठेवून हात पुढे केला.
मी डबी उघडली.
चिमूटभर.