पावरीचा सूर

पावरी कुणाचंच ऐकत नाही.
भोपळा जसा वाळला, तसा तिचा सूर.
शेवटी हेमकांतनंच गिटारच्या खुंट्या सैल केल्या,
पाऊण सूर खाली, जामसिंगकडे बघत.
त्या रात्री यावलच्या केळीच्या वखारीत
आमचा बँड झाला. नाव अजून नाही.

मग दोंडाईचा, साक्री, नवापूर.
रिकाम्या क्रेटांवर अँप, अँपला टेकून निजलेला ड्रमर.
शिरपूरला मानधन म्हणून भरीत, कळण्याची भाकरी
आणि डिझेलचे तीनशे.

पिंपळनेरला लाइट गेली.
गिटार मुकी, माइक मुका,
मी नुसता ओठ हलवत उभा.
अंधारात पावरी चालूच होती.
मागून भजीवाला म्हणाला,
"आते कसं बरं आयकू ई ऱ्हायनं."

आम्ही हसलो.
हेमकांत नाही.