चिल्लर

गुदैबियातल्या एका हॉटेलच्या तळघरात
मी चिलर ऑपरेटर.
आईने शेजारणीला सांगितलं,
पोरगा बहारीनला चिल्लर सांभाळतो.
शेजारीण म्हणाली, बापावर गेला.

बाप माणगाव डेपोत कंडक्टर होता.

तळघरात गाणं पोचत नाही.
बार चौथ्या मजल्यावर,
गुरुवारी रात्री बँड लागतो
आणि त्यातलं बहुतेक वरच्या वर गळून जातं.
शब्द गालिच्यात मुरतात,
गिटार पडद्यांत अडकते,
झांजा जिन्यापर्यंतसुद्धा येत नाहीत.
उतरतो तो फक्त खर्ज,
खांबांतून, पाइपांतून,
माझ्या जेवणाच्या डब्याच्या झाकणापर्यंत.
झाकण थरथरलं की समजायचं, साडेनऊ.

अकरा महिने मी असा झाकणावर ऐकत होतो.
पंपाचं बेअरिंग जाणार हे जसं
कान टेकला की कळतं,
तसं त्या वाजवणाऱ्याचं कळायचं.
आज रेलून वाजवतोय.
आज घरून फोन आलेला दिसतो.
मनात मी त्याला चेहराही दिला होता,
रुंद, मिशाळ, अबोल,
मागे अंधारात उभा.
गाणारा दुसरा कुणी असणार, पुढे, दिव्याखाली.
खर्ज धरणारा माणूस गात नसतो
असं माझं गणित.

ऑगस्टात स्टेजवरचा डक्ट ठिबकायला लागला.
शिडी घेऊन वर गेलो.
मॅनेजर म्हणाला, गाणं थांबणार नाही,
तू कर तुझं.

शिडीवरून खाली पाहिलं
तर एक बुटकी बाई,
सेबू बेटावरची मारिवीक,
गळ्यात जवळपास तिच्याच उंचीचं लाकूड
आणि ओठ माइकला.
तीच.
दोन्ही तीच.

बोटं चालली होती मोजून,
ओझं घेतलेल्या हमालासारखी,
आणि गळा भलतीकडेच,
उशिरा निघून आधी पोचणारा,
मधेच एका शब्दावर बसून राहणारा.
पाणी माझ्या बाहीत उतरत होतं.

आणि मला तो पंच आठवला.
टिक टिक, टिक टिक,
रिकाम्या गाडीतही न थांबणारा बापाचा उजवा हात,
आणि तोंडाने, त्या हाताशी ओळखच नसल्यासारखं,
लोणेरेऽऽ, दासगाव, मागे सरका,
ओ ताई, पोरगं मांडीवर घ्या,
लांबवत, वळवत.
आम्हाला वाटायचं, ओरडतो.

मधल्या सुट्टीत तिने मागच्या जिन्यावर
गिटारची पेटी उघडून दाखवली.
झाकणाला आतून आठ-नऊ फोटो,
मासिकांतून कापलेले, पिवळ्या चिकटपट्टीचे.
सगळे गाणारे,
सगळ्यांच्या गळ्यात चार जाड तारा.
मला एकही ओळखू येईना.
ती एकेकावर बोट ठेवत गेली:
हा डोळे मिटायचा.
ही शब्द विसरायची, बोटं कधीच नाही.
एका जागी नुसती चिकटपट्टी.
दमटपणाने पडला, म्हणाली,
जागा अजून त्याचीच.

दोन्ही कसं करता?
दोन्ही नाही करत, म्हणाली.
एक करते, दुसरं होतं.
कुठलं कुठलं?
ते रोज बदलतं.

मग मी तिला चिल्लरचा अर्थ सांगितला.
इतकी हसली की लायटर पडला हातातून.
तेव्हापासून दर गुरुवारी
पहिल्या गाण्याआधी
सगळ्यात जाड तार एकदाच, मोकळी, सोडते.
वरच्यांना वाटतं, सूर तपासतेय.

मी दर तासाला रीडिंग लिहितो,
पाणी जाताना सहा, येताना बारा.
परवा बॉलपेन टिकटिकवत
तोंडाने म्हणून पाहिलं, लोणेरे, दासगाव.
तिसऱ्या टिकटिकीला
तोंड हाताच्या मागे चालू लागलं.

रिटायर बापाला फोन केला.
हात एकीकडे, तोंड एकीकडे,
तुम्ही कसं करायचात?

कसं म्हणजे, म्हणाले.
चिल्लरची तेवढी पंचाईत व्हायची.