सातास सात

खाणीत सात दिवस, घरी सात दिवस.
कागदावर वाटणी चोख.
पण घरचा पहिला दिवस जातो झोपेत,
शेवटचा बॅग भरण्यात,
आणि मधल्या एखाद्या दुपारी फोन येतो:
'यास्ना, फक्त एक सही.'
बांध असाच सरकतो,
एका रात्रीत एक बोट.

मी चालवते तो ट्रक तीन मजली उंच.
चाकाशेजारी उभी राहिले
तर त्याच्या मध्यालाही पोचत नाही.
पाठीवर तीनशे टन दगड;
त्यात तांबं किती, ते मला कोणी सांगत नाही.
भार एका अंगाला कलला
की पडद्यावर लाल दिवा लागतो,
आणि शॉव्हेलवरचा लाउतारो
शिव्या घालत पुन्हा भरतो.
ट्रकला कळतं.

गेल्या महिन्यात कंपनीनं सान्तियागोहून एक बाई आणली,
कामाचा नि घराचा तोल शिकवायला.
तिनं आम्हाला एका पायावर उभं केलं.
बावीस जण, लोखंडी टोकांचे बूट घालून,
तीन हजार मीटर उंचावर,
धापा टाकत, एका पायावर.
ओस्वाल्दो पडला. सगळे हसलो.
मग नाश्ता होता. बरा होता.

रात्री कॅम्पातल्या खोलीतून घरी फोन लावला.
आयेलेन सहा वर्षांची. दात हलतोय म्हणाली.
'बघू,' म्हटलं. तिनं आ केला
आणि सिग्नल गेला.
पडद्यावर नुसते चौकोन, गुलाबी, काळे.

चौथ्या दिवशी विचारलं, पडला?
नाही.
सहाव्या दिवशी? नाही गं, म्हणाली,
जरा चिडूनच.

बस वाळवंट उतरून समुद्राशी आली.
दारात एलिसेओ म्हणाला, विचार तुझ्या पोरीला.
आठवडाभर घास दाढेनंच चावतेय,
सफरचंद नको, पाव दुधात बुडवून,
झोपतानाही तोंडावर हात.

तिनं माझं बोट धरून दातावर ठेवलं.
एका तंतूवर लोंबत होता.
'आता,' म्हणाली.

मी बोट हलवलंसुद्धा नाही.

तळहातावर तांदळाएवढा दात,
मुळाशी थोडं रक्त.
ती जीभ फिरवत राहिली
त्या रिकाम्या जागेवर, पुन्हा पुन्हा,
जशी मी फिरते पहिल्या दिवशी घरातून,
काय कुठे होतं
ते चाचपत.